खुराखालचा दगड

दगड घसरत नाही. घसरते ती त्याच्यावरची चकाकी. अंगणात, रस्त्यावर, देवळापुढे दगड बसवण्याच्या व्यवसायात बरीच वर्षं काढल्यावर एवढं एक वाक्य खात्रीने लिहिता येतं. बाकी सगळं जागेवर अवलंबून असतं. उतार किती, पाणी कुठून येतं, ऊन किती वेळ पडतं, आणि मुख्य म्हणजे तिथून चालणार कोण.

त्याआधी मी नगरच्या एका दैनिकात होतो. दुसऱ्याने पाहिलेलं नीट लिहून काढणं हे तिथलं काम. राहाता तालुक्यातल्या एका चर्चच्या आवारात नव्याने दगड बसवला होता, त्याची चार ओळींची बातमी करायला गेलो आणि तिथे तो बसवणारे योहान मिस्त्री भेटले. त्यांचे वडील शिक्षक, चर्चमध्ये पेटी वाजवणारे. मुलाने हातोडा-छिन्नी धरली. बातमी छापून आली नाही. पण पुढे आम्ही भागीदार झालो. ते दगड बघत, मी गिऱ्हाईक बघे. यातलं अवघड काम कोणतं, यावर आमचं आजही एकमत नाही.

आम्ही मुख्यतः एकाच जातीचा दगड वापरला. पुस्तकात त्याला पोर्फिरी म्हणतात. तप्त रस जमिनीखाली सावकाश निवत असताना त्यात आधी मोठे स्फटिक तयार होतात. मग तो रस वर येऊन झटकन थिजतो आणि ते स्फटिक बारीक पोताच्या दगडात अडकून राहतात. शेंगदाण्याची चिक्की मोडून बघितली की जे दिसतं तेच इथे दिसतं: दाणे वेगळे, त्यांना धरून ठेवणारा गूळ वेगळा. युरोपात हा दगड लालसर तपकिरी मिळतो आणि तिथल्या कित्येक जुन्या गावांचे चौक त्याने मढवलेले आहेत. आपल्याकडे त्याचा चुलतभाऊ आहे तो काळा. काळ्या पाषाणात पांढरट, लांबट दाणे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात त्याचे थर सापडतात. आमच्या खाणीवरची माणसं त्याला ‘तांदळ्या’ म्हणायची. आम्हीही तेच म्हणू लागलो.

तांदळ्याचा गुण असा की दाणा आणि गूळ सारखे झिजत नाहीत. वर्षानुवर्षं पाय घासले तरी दाणा किंचित वर राहतो. कापून, घासून आरशासारखा केला नाही, नुसता फोडून त्याचा मूळ चेहरा वर ठेवला, तर तो पावसातही पाय धरतो. पाणी पीत नाही, डाग फार आत जाऊ देत नाही. दोष असा की तो दिसायला साधा असतो. धंद्याच्या दृष्टीने हा फार मोठा दोष आहे.

राहात्याला एका लॉजमालकांनी आमचा नमुना हातात घेऊन उन्हात इकडून तिकडून फिरवला आणि म्हणाले, “मिस्त्री, एवढा महागाचा दगड, आन त्यात तोंड दिसंना?”

“शेठ, तोंड आरशात बघायचं,” मिस्त्री म्हणाले. “हितं पाय बघायचा असतो.”

शेठना विनोद आवडला, दगड आवडला नाही. त्यांनी दुसरीकडून चकचकीत ग्रॅनाइट आणून पायऱ्यांना लावलं. पावसाळ्यात त्याच्यावर गोणपाटं अंथरलेली आम्ही येता-जाता बघत असू. गोणपाटांत तोंड दिसत नव्हतं, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही.

याच्या उलट जामखेडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. अंगणासाठी नमुने मागवले, तर बाई गोडेतेलाची बाटली घेऊनच बाहेर आल्या. तेल दगडावर ओतलं, चपला काढल्या, पदर खोचला आणि पाय उचलला. मिस्त्री धावले. “बाई, पडाल!”

“पडले तर दगड नको. नाही पडले तर उद्या टेम्पो पाठवा.”

टेम्पो दुसऱ्या दिवशी गेला. अशी गिऱ्हाइकं थोडी. बहुतेक लोक दगड हाताने पारखतात, पायाने नाही. ज्या कामाबद्दल इथे लिहायचं आहे, त्यात मात्र पारख ना हाताची होती, ना पायाची. ती खुराची होती.

मिरजगावहून आत वळलं की एक जुनं गाव लागतं. नाव देत नाही. तिथल्या दोन भावक्यांपैकी एकीला तरी ते आवडणार नाही. गावाला दगडी वेस आहे. वेस उंचावर, शेतं खाली. मधला चढ फार लांब नाही, पण चांगला उभा आहे. पोळ्याला गावातले सगळे बैल ओढ्यावरून सजून येतात, हा चढ चढतात आणि वेशीला बांधलेल्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून आत जातात. पहिली जोडी मानाची. ती गेली आणि तोरण तुटलं की पोळा फुटला. तोवर दुसऱ्या कोणाचा बैल वेशीला खूर लावत नाही.

मान भानुदासतात्यांच्या घरात होता. तात्या सत्तरीच्या आसपासचे, उंच, बोलायला कमी. घरात ट्रॅक्टर होता. तरी बैलजोडी त्यांनी मोडली नव्हती. आम्ही त्या गावात जाण्याच्या आदल्या वर्षी एका दानशूर माणसाने वेशीच्या चढाला पॉलिश केलेलं काळं ग्रॅनाइट बसवून दिलं होतं. हेतू चांगला होता. गावाने त्याचा सत्कार केला. पोळ्याला भुरभुर पाऊस आला, त्यात गुलाल पडला, आणि तात्यांच्या जोडीतला पाखऱ्या निम्म्या चढावर मागच्या दोन्ही पायांनी फाकून बसला. खुबा गेला. बैल पुन्हा उभा राहिला नाही. दिवाळीच्या आत गोठ्यातच गेला.

ग्रॅनाइट गावाने उखडून टाकलं. पुढे काय, यावर ग्रामसभा भरली. काहींचं म्हणणं, खरबरीत काँक्रीट ओतावं. काहींचं म्हणणं, वेसच नको. पोळा हायवेकडच्या मैदानात भरवावा. तात्यांनी एकच वाक्य उच्चारलं होतं. “दगड टाका न्हाईतर सोनं टाका, माजी जोडी त्या चढाला पुन्यांदा लागायची न्हाई.” मानाची जोडी नाही म्हणजे वेशीतून पोळा नाही. मान दुसऱ्या भावकीला द्यावा असं कोणीतरी सुचवलं, तेव्हा दोन-चार जण बाह्या सावरून उभे राहिले. सभा तिथेच संपली.

सरपंच सुनंदाताई आम्हाला भेटायला आल्या त्या या सभेनंतर. राहात्याजवळच्या चर्चचं आवार त्यांनी पाहिलेलं होतं. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला गेल्या होत्या, पाऊस होता आणि नव्या चपला असूनही पाय सरकला नव्हता, हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

मी चढाची लांबी-रुंदी विचारू लागलो, तर त्यांनी हात वर केला. “माप तुमी घ्याल वो. मला चढ नकोय. मला तात्या पायजेत त्या चढावर.”

आमच्या कोणत्याही कामाची इतकी स्पष्ट अट आधी कधी नव्हती.

काम उन्हाळ्यात सुरू झालं. आधी खोदून भरीव मुरूम दाबायचा, त्यावर बारीक कच अंथरायची. कच म्हणजे दगड फोडताना पडणारा बारीक चुरा. त्या गादीवर फोडलेले चौकोनी ठोकळे एकमेकांना भिडवून, ठोकून बसवायचे आणि सांध्यांतही कचच भरायची. कडेला जाड दगड खोल गाडायचे, म्हणजे सगळी वीण एकमेकीला दाबून धरते. सिमेंट लावायचं नाही. सांध्यांतून पाणी खाली जिरतं, वर साचत नाही, आणि उन्हाळ्यात दगड तापून फुगला तरी त्याला हलायला जागा राहते.

‘सिमेंट लावायचं नाही’ हे वाक्य आम्ही प्रत्येक गावात बोललो आहोत आणि प्रत्येक गावात त्याने खळबळ उडाली आहे. इथेही पारावरची मंडळी उठून आली.

“सिमेंट न्हाई? मग ह्ये ऱ्हातंय कशानं?”

“एकमेकाच्या आधारानं,” मिस्त्री म्हणाले.

“गावात ते कदी ऱ्हायलंय का?” म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाला, आणि दोन्ही भावक्यांची माणसं एकदमच हसली. त्या चढावर त्यांना एकत्र हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तात्या रोज येत. जवळ येत नसत. वेशीसमोरच्या लिंबाखाली बसत, तंबाखू मळत आणि बघत राहत. खालच्या कडेची पहिली ओळ बसली त्या दिवशी ते उठले, दगडावर उभे राहिले, टाच दाबून पाहिली आणि म्हणाले, “मानसाचा पाय धरतोय. पन मानसाचा पाय आन बैलाचा खूर एक न्हाई, मिस्त्री.”

“काय फरक पडतो, तेवढं सांगा.”

“चढाला बैल खुराचं टोक रोवतोय. टाच मागनं. टोकाला कायतरी आडवं लागाय पायजे. सपाट गावलं की गेला.”

मिस्त्रींनी हातातली छिन्नी खाली ठेवली. दगड खरबरीत असणं पुरेसं नव्हतं. खुराच्या टोकाला अडकायला कड हवी होती, आणि ती नेमकी पावलाखाली यायला हवी होती. आमचे ठोकळे माणसाच्या आणि टेम्पोच्या हिशोबाने फोडलेले होते. दोन सांध्यांमधलं अंतर खुरापेक्षा जास्त होतं.

“तात्या, तुमचा बैल जरा चिखलातनं चालवता का? ठसा पायजे.”

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या ओल्या मातीतून तात्यांनी हौशाला चालवलं. हौशा म्हणजे पाखऱ्याचा जोडीदार, मागे राहिलेला. मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून ठशाला सुतळी लावली. टोकापासून टाचेपर्यंत, मग दोन नखांमधली फट. बैलांच्या पायाला लोखंडी पत्री ठोकलेली असते, म्हणून तीही मोजली. त्या मापाने सगळा माल पुन्हा फोडला. ओळी चढाला आडव्या घेतल्या आणि प्रत्येक दगड खुरापेक्षा आखूड ठेवला, म्हणजे पाय कुठेही पडो, त्याच्याखाली एक तरी सांधा येणारच. कमानीसारखी गोलाकार मांडणी आम्हाला छान जमते आणि ती फोटोतही देखणी दिसते. ती इथे सोडून द्यावी लागली, याची हळहळ मिस्त्रींना बरेच दिवस होती.

सुतळी गुंडाळताना मिस्त्री सहज म्हणाले, “म्हणजे तात्या, आता जोडी येणार तर.”

“माप दिलं,” तात्या म्हणाले. “जोडी दिली न्हाई.”

पावसाळा लागायच्या आत काम पुरं झालं. श्रावणात दोन-तीन चांगल्या सरी झाल्या. पाणी चढावरून वाहत आलंच नाही. सांध्यांतून खाली उतरलं आणि पायथ्याच्या गटारीत निघालं. सुनंदाताई छत्री घेऊन बघायला आल्या. शाळेची मुलं चढावरून पळत सुटली, एकही पडलं नाही. तात्या लिंबाखालून हे सगळं बघत होते. एव्हाना त्यांनी हौशाला नवा जोडीदार घेतला होता, हरण्या. पोळ्याला ही जोडी कोणत्या वाटेने गावात येणार, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. गावानेही विचारलं नाही. विचारलं की माणूस नाही म्हणून टाकतो, आणि एकदा नाही म्हटलं की तात्या मागे फिरणारे नव्हते.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी आणि मिस्त्री गावात पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. वेस दिसली आणि मिस्त्रींनी गाडीतच “अरे देवा” म्हटलं.

चढ हिरवा होता. वरून खालपर्यंत एकसारखा, सुबक, हाताच्या बोटांची अर्धवर्तुळं उमटलेला, ओल्या शेणाने सारवलेला. कडेला रांगोळी काढलेली. पाच-सहा बायका बादल्या धूत होत्या आणि मधोमध मथुरामावशी कमरेवर हात ठेवून काम कसं झालंय ते बघत उभ्या होत्या. मथुरामावशी म्हणजे तात्यांच्या पत्नी.

“मावशी, हे काय केलं?”

“काय म्हंजी? सारवलं. सनाचा दिस हाय. आन हितंच तर पाखऱ्या पडला हुता न्हवं? जागा निर्मळ नको कराया? नवा दगड हाय, त्येला आजून शेनाचं बोट लागलं नव्हतं.”

मिस्त्री घाईने पुढे झाले. त्यांना सांधे किती भरले ते बघायचं होतं. दुसऱ्या पावलाला त्यांचा पाय सटकला आणि ते स्वतःच बसवलेल्या चढावर, गावाच्या देखत, सपशेल बसले. बसल्या बसल्या थोडे खालीही आले.

हसणं आवरणं कोणालाच शक्य नव्हतं. मलाही नव्हतं. कोणीतरी मोबाईल धरलेला होता. मिस्त्री उठून पँट झटकेपर्यंत ती चित्रफीत गावच्या ग्रुपवर गेली होती, आणि खाली लिहिलं होतं: ‘मिस्त्रीच घसरला’.

बातमीदारीत शिकवतात की घटना आणि तिचा अर्थ वेगळे ठेवावेत. गावाने तसं केलं नाही. थोड्याच वेळात ओढ्यावरून निरोप आला. तिथे तात्या बैल धूत होते. मिस्त्री पडताना त्यांनी कोणाच्या तरी मोबाईलवर पाहिलं होतं. जोडी बाहेरच्या वाटेने घरी जाईल, असा तो निरोप होता.

सुनंदाताई आल्या. त्यांचा चेहरा बघून बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. ताई मथुरामावशींना काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं मावशींना वाटलं असावं. मिस्त्री मात्र समजावत होते, जमेल तेवढं शांतपणे. शेण वाईट नाही. मातीच्या जमिनीला ते उत्तम, कारण माती त्याला शोषून घेते. हा दगड काहीच पीत नाही. ते वर पडून राहतं आणि पाऊस लागला की साबण होतं. शिवाय सांधे बुजले. खुराला जी आडवी कड मिळायची तीही गेली, आणि पाणी जिरायची वाटही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजी घसरलं ते माजं शेन.”

“व्हय, मावशी.”

“दगड न्हाई?”

“दगड न्हाई.”

मावशींनी पदर पुन्हा खोचला. “मग उभ्या काय ऱ्हायलाय गं?” त्या बायकांवर खेकसल्या. “खराटे आना. इळे आना. ज्यानं घाटलं त्येनंच काढायचं.”

ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर वर आणून लावला. वरून पाणी सोडलं, बायकांनी खराट्यांनी खाली ओढत नेलं. ग्रामपंचायतीचा शिपाई रंगाऱ्याकडून तारेचे ब्रश घेऊन आला. सांधे मात्र खराट्याने मोकळे होईनात. बायका चढावर ओळीने बसल्या, खुरपायला बसतात तशाच, आणि विळ्यांच्या टोकांनी एकेक सांधा उकरत वरून खाली सरकत गेल्या. दोन्ही भावक्यांच्या बायका होत्या. टोमणे चालू होते.

“मथुराकाकू, पुढल्या साली दगडाला तेल-उटनं लावूया का?”

“तुज्या सासूला लाव आदी. ती बी लई खरबरीत हाय.”

सासू तिसऱ्या ओळीत बसलेली होती. तिने विळा न थांबवता एवढंच म्हटलं, “मी खरबरीत हाय म्हनून हिचा संसार घसरला न्हाई.” आमच्या व्यवसायाचं याहून चांगलं समर्थन मी आजवर ऐकलेलं नाही.

सांधे उकरून झाल्यावर आम्ही नवी, धुतलेली कच पसरली आणि झाडून आत घातली. जादा राहिली ती धुऊन काढली. मिस्त्री दगडाला हात लावून पुढे सरकत होते. मध्येच एका ठिकाणी थांबत, पुन्हा पाणी मारायला सांगत. दुपार कलली तेव्हा चढ परत काळा झाला होता आणि पांढरे दाणे स्वच्छ दिसत होते. पाऊस थांबला नव्हता. त्याचं पाणी सांध्यांत पडत होतं आणि नाहीसं होत होतं.

मथुरामावशींनी पायांवर पाणी घेतलं आणि ओढ्याकडे निघाल्या. सुनंदाताई सोबत जायला निघाल्या, तर मावशी म्हणाल्या, “तुमी नका येऊ. सरपंच बगून त्ये आनखी ताटत्यात.”

ओढ्यावर काय बोलणं झालं ते मला मागाहून तिथल्या एका माणसाकडून कळलं. मावशी म्हणाल्या, “मिस्त्री माज्या शेनावर पडला. दगडावर न्हाई.”

तात्या हौशाच्या शिंगाला हिंगूळ लावत होते. “आन हौशा पडला मंजी?”

“आमी बायका त्या चढावर उकिडव्या बसून खाली सरकलो दोन परहर. एक पडली न्हाई. तुमचा बैल आमच्यापक्षा नाजूक हाय का?”

ओढ्यावरच्या सगळ्या बैलवाल्यांनी हे ऐकलं. तात्यांनी हिंगुळाचं बोट पुसलं.

वेशीपाशी गाव जमलेलं होतं. तोरण बांधलेलं. खाली जोड्या एकामागे एक उभ्या होत्या, झुली, गोंडे, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. हलगीवाले अंग गरम ठेवण्यापुरतं वाजवत होते. मानाची जागा मोकळी होती. दुसऱ्या भावकीची जोडी तिच्या मागे उभी. तिच्या धन्याला कोणीतरी हळूच म्हणालं, “तूच घाल की आता म्होरं.” तो म्हणाला, “गप ऱ्हा. तात्या हाईत आजून.”

तात्या आले. जोडी मागे एका नातेवाइकाच्या हातात ठेवून ते एकटेच चढाच्या पायथ्याशी उभे राहिले. पायताण काढलं. अनवाणी वर गेले, मधोमध, पाखऱ्या पडला होता त्या जागेवरून. तिथे थांबून त्यांनी अंगठ्याने सांधा चाचपला. परत खाली आले. मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर उभे होते, तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कासरा हातात घेतला.

हलगी थांबली. ती कोणी थांबवली नव्हती.

हौशा तात्यांच्या बाजूला, हरण्या पलीकडे. हरण्याला काही ठाऊक नव्हतं, तो सरळ चढू लागला. पत्रीचा आवाज दगडावर स्पष्ट येत होता, आधी टोक, मग टाच. हौशा मान खाली घालून चालत होता. निम्म्या चढावर तो उभा राहिला. जागा तीच होती. त्याने नाक दगडाला लावलं, फुरफुरला आणि मागे रेटा दिला. हरण्याही अडला. जोडी चढावर, पावसात, थांबलेली. मागच्या वर्षी हे सगळं ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी माना वळवल्या.

तात्यांनी कासरा ओढला नाही, चाबूकही उगारला नाही. हौशाच्या मानेवर हात ठेवून ते उभे राहिले. “चल बाबा,” ते म्हणाले. “बगितलंय मी.”

हौशाने पुढचा उजवा खूर उचलला आणि टेकवला. टोक सांध्यात बसलं. मिस्त्रींच्या तोंडून काहीतरी निघालं. ती बहुधा प्रार्थना होती. दुसरा खूर, मग मागचे दोन. मागचे पाय फाकले नाहीत. मग बैलाचं अंग एकदम मोकळं झाल्यासारखं दिसलं, आणि उरलेला चढ जोडीने जवळजवळ धावतच घेतला. तात्यांना मागे पळावं लागलं. शिंगांनी तोरण तुटलं, पानं हौशाच्या झुलीवर पडली, आणि “फुटला! पोळा फुटला!” असा जो आवाज उठला तो हलगीवाल्यांनी दोन्ही हातांनी उचलून धरला.

मागोमाग सगळ्या जोड्या चढल्या. म्हातारे बैल, पहिल्यांदा सजलेली खोंडं, एकाच बैलाची एकटीदुकटी माणसं. गुलाल उधळला गेला, पावसाने कालवला गेला, त्यावरून खूर गेले. एकही बैल पडला नाही. सुनंदाताई वेशीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या आणि हसत होत्या. मथुरामावशी ओवाळून ओवाळून थकल्या, तरी येईल त्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावत राहिल्या.

आम्ही निघायची तयारी करत होतो. तेवढ्यात वर गर्दी दुभंगली. मारुतीला प्रदक्षिणा घालून तात्या जोडी घेऊन पुन्हा वेशीत आले होते. त्यांचं घर आत गावात होतं, खाली यायचं कारण नव्हतं. पोळ्याला जोडी वेशीतून उलटी आणायची रीतही नाही.

“तात्या, कुटं?” कोणीतरी विचारलं.

“खाली.”

मिस्त्री ताठ झाले. उतरताना बैलाचं सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. खूर सरकला तर त्याला सावरता येत नाही. चढणं ही अर्धीच परीक्षा असते. हे त्या गर्दीत दोघांना नीट माहीत होतं, एक मिस्त्रींना आणि दुसरं तात्यांना.

चढाच्या माथ्यावर तात्यांनी कासरा सोडला आणि हौशाच्या पाठीवर टाकला. मग वळून, जोडीकडे पाठ करून, पुढे चालू लागले.

“तात्या, कासरा! कासरा धरा!”

“कशाला?” तात्या म्हणाले. “पडायचं काय कारन हाय आता?”

मागून खुरांचा आवाज येत होता, सावकाश, दोन्ही बैलांच्या आठही पायांचा. ओल्या दगडावरून तो त्यांच्या मागोमाग खाली उतरत राहिला. पायथ्याला पोचेपर्यंत तात्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.